आखावरचं ओझं

1930 सालचा पावसाळा. तुम्ही वेळापुरातून पंढरपूरकडे निघालेल्या बैलगाडीत मागे पाय सोडून बसला आहात. मुंबई गाठायची आहे. माउलींची पालखी याच वाटेने पुढे गेली, त्या गर्दीने रस्ता पार उखडून ठेवला आहे. चाकाला लोखंडी धाव, आख थेट साट्याखाली बांधलेला, मध्ये स्प्रिंग नावाची गोष्ट नाही. वाटेतला प्रत्येक दगड मणक्यात कळतो. हे हादरे ध्यानात ठेवा. आज रात्री तुम्ही जे इंजिन पाहणार आहात, ते याच हादऱ्यांवर तोड काढण्यासाठी जन्माला आलं आहे.

पंढरपूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी उभी आहे. छोटी म्हणून तिला हिणवू नका. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली ही लाइन सुरू केली, तेव्हा मुळातच एक दंडक घातला होता: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आखावर पाच टनांहून जास्त वजन पडता कामा नये. इंजिनाला चाकं वाढवा, पण एकेका चाकाचा भार वाढवू नका. त्यामुळे हलके रूळ पुरले, पूल स्वस्तात झाले आणि आपल्या कोरड्या मुलखात गाडी धावू शकली. रुळाला इंजिनाची ताकद कळत नाही, त्याला फक्त आपल्यावर टेकलेलं वजन कळतं, हे कॅलथ्रॉपला नेमकं उमगलं होतं.

कुर्डुवाडीला तुम्ही मोठ्या लाइनच्या गाडीत चढता. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तिसरा वर्ग, लाकडी बाक, खिडकीतून डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी. वाफेच्या इंजिनाचे दांडे मागेपुढे झेपावतात, त्यांचा तोल सांभाळायला चाकांत वजनं भरलेली असतात, आणि वेग वाढला की तीच वजनं दर फेऱ्याला रुळावर घण घालतात. दौंड मागे पडतं. तुम्ही पेंगता.

पुण्याला मात्र जागे राहा. इथे काळं इंजिन सुटून बाजूला जातं आणि दुसऱ्या टोकाने एक यंत्र अलगद येऊन टेकतं. धुराडं नाही, टेंडर नाही, पाण्याच्या नळाखाली थांबणं नाही. छतावर वीज घेणारा पँटोग्राफ, वर तांब्याची तार. 1929 च्या नोव्हेंबरपासून ही तार पुण्यापर्यंत पोचली आहे. इंजिनाचा वर्ग ईए-1. नंतरच्या काळात डब्ल्यूसीपी-1 म्हणतील ते हेच.

जीआयपीने जलद प्रवासी गाड्यांसाठी वेगवेगळ्या रचनांची तीन इंजिनं मागवून घाटात आणि सपाटीवर तपासली, आणि त्यांतून हे निवडलं. विजेची बाजू मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. मोटर आणि चाक जोडण्याची युक्ती स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्याची. त्या युक्तीसाठीच तुम्हाला इथवर आणलं.

खाली वाका. सहा आख दिसतील. तीन नुसते भार वाहणारे, तीन ओढणारे. पुढची दोन भारवाही आखांची बोगी वळणात आधी शिरते आणि मागच्या मोठ्या चाकांना वाट दाखवते. ओढणाऱ्या प्रत्येक आखाला दोन मोटरी, एकूण सहा, मिळून 2,160 अश्वशक्ती. आता मोटर कुठे बसवली आहे ते पाहा. साध्या विजेच्या इंजिनात मोटरचं अर्धं वजन थेट आखावर टेकलेलं असतं. बैलगाडीच्या आखाला लोखंडाचा गोळा बांधावा तसं. रुळाचा सांधा आला की आखासकट तो गोळा रुळावर आदळतो, आणि वेग दुप्पट झाला की तो आघात फारच वाढतो. ईए-1 मध्ये मोटरी वर, स्प्रिंगांवर तोललेल्या सांगाड्यात बसवल्या आहेत. चाक सांध्यावर वरखाली उसळेल, मोटर आपल्या जागी राहील. दोघांमध्ये दातेरी चाकं आणि हलत्या सांध्यांची अशी जुळणी केली आहे की आख उसळला तरी ओढ अखंड चालू राहते.

माझं तर म्हणणं असं की जलद इंजिनाची खरी कारागिरी इथेच असते. अश्वशक्तीचे आकडे जाहिरातीत छापायला बरे. रूळ टिकतो तो या जुळणीमुळे.

केबिनमध्ये चढा, तुम्हाला कोणी अडवणार नाही. ड्रायव्हर कंट्रोलरचा दांडा एक नॉच पुढे घेतो. सहाही मोटरी एका माळेत. तारेतले 1,500 व्होल्ट सहा जणांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला 250. गाडी हलली की मधले लोखंडी रेझिस्टन्स एकेक करून बाहेर काढायचे, कारण तोवर त्यांच्यात वीज नुसती उष्णता होऊन जाते. मग तीन-तीनच्या दोन माळा, वाट्याला 500. मग दोन-दोनच्या तीन माळा, वाट्याला 750. खडकी मागे पडेपर्यंत इंजिन पुऱ्या जोरात आलेलं असतं, आणि हिशेब केलात तर डोक्यावरच्या तारेतून हजार अँपिअरहून जास्त प्रवाह खाली उतरत असतो. ही वीज ठाकुर्लीजवळच्या चोळा पॉवर हाउसमध्ये जीआयपीने स्वतः कोळसा जाळून तयार केली आहे. धूर नाहीसा झालेला नाही, तुमच्या खिडकीपासून दूर गेला आहे एवढंच.

बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा उतार. तुमच्या वडिलांना खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन आठवत असेल, जिथे गाडीची दिशाच उलटी करावी लागे. ते नव्या मार्गामुळे नुकतंच इतिहासजमा झालं. व्हॅक्यूम ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय गाडीला लोणावळा सोडता येत नाही.

याच वर्षी 1 जूनला याच वर्गाच्या इंजिनाने दख्खनची राणी ओढली. सात डबे, पुणे-मुंबई पावणेतीन तास. म्हणजे घाटासकट ताशी सत्तरच्या आसपास सरासरी. पण ती तुमच्यासाठी नाही. त्या गाडीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग आहे; तिसरा वर्ग जोडला जाईल 1955 साली. इतकं चांगलं यंत्र वेळापूरच्या शेतकऱ्याने पंचवीस वर्षं फलाटावरून पाहावं, याचा मला मनापासून राग येतो. तुमच्या साध्या गाडीलाही तेच इंजिन लागलं, एवढाच काय तो दिलासा.

कल्याणला उतरा. शेडमध्ये इंजिन पिटवर घेतलं आहे. खाली फिटर, हातात कंदील.

"पावणं, जपून उतरा, पायरी तेलकट हाय."

तो मोटरचं झाकण उघडतो. आत तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर घासणारे कार्बन ब्रश. बोटावर काळी भुकटी घेऊन दाखवतो. ही भुकटी साचली की पट्टीवरून पट्टीवर ठिणगी उडी मारते आणि मोटर जळते. म्हणून ती हवेने उडवायची, झिजलेला ब्रश बदलायचा, स्प्रिंगचा दाब पाहायचा. मग पँटोग्राफची पट्टी. मग ते विंटरथुरचे सांधे: प्रत्येक पिन, प्रत्येक बुश, तेलाची पातळी. साध्या मोटरीला इतकं काही लागत नाही. रुळाचं सोसणं कमी केलं, ते फिटरच्या हाताला आलं. हा सौदा जीआयपीने डोळसपणे केला होता, आणि कल्याणच्या माणसांनी तो वर्षानुवर्षं निभावला.

आता एकदम पुढे या. 1961 चा ऑक्टोबर. चित्तरंजनच्या कारखान्यात नेहरू भारतात बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन रवाना करत आहेत. तेही 1,500 व्होल्टचं, म्हणजे आपल्याच तारेखाली धावणारं. नाव लोकमान्य. ईए-1 मधलं एक, सर रॉजर लम्ले, पुढे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं राहील.

आणखी पुढे, आजच्या सोलापूर फलाटावर या. इथेही आता वर तार आहे, पण 25,000 व्होल्ट एसीची. कम्युटेटर गेला, ब्रशही गेले, तीन-फेज मोटरी आल्या. डब्ल्यूएपी-7 वर्गाचं इंजिन जवळपास 6,350 अश्वशक्तीचं, तरी त्याची मर्यादा ताशी 140. डब्ल्यूएपी-5 त्याहून कमी ताकदीचं, 1995 साली स्वित्झर्लंडच्याच एबीबी कंपनीकडून आलेलं, आणि ते 160 ला धावतं. गिअर वेगळे, बोग्या वेगळ्या, हे खरं. पण दोघांच्या खाली वाकून पाहा: सातच्या मोटरी आखावर टेकलेल्या आहेत, पाचच्या वर तोललेल्या.