नांवांचा प्रवास

जालना शहरांत मस्तगड म्हणून एक जुनी गढी आहे. ‘गड’ हा शब्द आपल्या घरचा. ‘मस्त’ हा फारसींतून आलेला पाहुणा. परंतु या दोघांचा संसार आतां इतका जुना झाला आहे कीं, मूळचें कोण व मागून आलेलें कोण, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. जालन्याचा किल्ला १७२५ सालीं आसफजाह निजामुल्मुल्क याच्या आज्ञेवरून काबिलखानानें बांधला. पुढें तो मराठ्यांच्या हातीं गेला. आणि २ सप्टेंबर १८०३ रोजीं कर्नल स्टीव्हन्सन या इंग्रज सेनापतीनें तो घेतला. मालक बदलत गेले, पण मस्तगड हें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें. इतिहास वाचतांना आपण राजे, तह व लढाया यांवर दृष्टि ठेवतों आणि नांवांवरून मात्र सहज पुढें सरकतों. आज या नांवांकडेच थोडें थांबून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

स्टीव्हन्सननें जालना घेतल्यास बरोबर तीन आठवडे झाले, तोंच याच मुलखांत, हल्लींच्या जाफराबाद तालुक्यांतील आसई या खेड्याजवळ, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं मराठे व इंग्रज यांची प्रसिद्ध लढाई झाली. केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत शिंदे व भोंसले यांच्या फौजा उभ्या होत्या. केळणेच्या दोन्ही तीरांस दोन गांवें समोरासमोर वसलेलीं पाहून, तेथें उतार असलाच पाहिजे, असें इंग्रज सेनापतीनें ताडलें व फौज पलीकडे नेली. हा सेनापति म्हणजे आर्थर वेल्स्ली. त्याच्याबरोबर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा तेवीस वर्षांचा तरुण होता. आणि समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार होता पोलमन, जर्मनींतील हानोव्हरचा राहणारा! तात्पर्य, दख्खनच्या काळ्या मातींत त्या दिवशीं लढले व पडले ते बहुतेक या देशाचे लोक. पण दोन्ही बाजूंस हुकूम सोडणारांची नांवें जर्मानिक कुळांतील होतीं.

यांपैकीं वेल्स्ली या नांवाची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. इंग्लंडांतील सॉमर्सेट परगण्यांत वेल्स शहराजवळ वेल्स्ली म्हणून एक ठिकाण आहे. ‘ली’ म्हणजे जुन्या सॅक्सन भाषेंत रानांतील मोकळी केलेली जागा. या जागेवरून एका घराण्यास नांव पडलें, जसें आपल्याकडे गांवास ‘कर’ लावून आडनांव होतें तसेंच. हें घराणें आयर्लंडांत गेलें व तेथें नांवाचें ‘वेस्ली’ झालें. आर्थरचा आजा तर मूळचा वेस्लीहि नव्हे. त्याचें आडनांव कॉली. १७२८ सालीं एका वेस्ली नातलगाची जिंदगी त्यास मिळाली, तेव्हां त्यानें जिंदगीबरोबर नांवहि घेतलें. पुढें नातवांनीं जुनें भारदस्त रूप पुन्हां उचललें, आणि १७९८ पासून आर्थरहि ‘वेल्स्ली’ अशी सही करूं लागला. आपल्याकडे दत्तक मुलगा घराण्याचें नांव चालवितो. येथें वारसानें नांवच दत्तक घेतलें, एवढाच काय तो फरक!

कथा येथें संपत नाहीं. १८०९ सालीं स्पेनमधील विजयाबद्दल आर्थरला सरदारकी द्यावयाची ठरली. तो स्वतः रणांगणावर. तेव्हां पदवीचें नांव निवडण्याचें काम त्याचा भाऊ विल्यम याच्याकडे आलें. त्यानें वेल्स्लीशीं ध्वनीनें जुळणारें, त्याच परगण्यांतील एक गांव शोधून काढलें. तें गांव वेलिंग्टन. ‘टन’ म्हणजे वाडी. आणि वेओला नांवाच्या कोणा सॅक्सन माणसाची ही वाडी असावी, असें नामशास्त्राचे अभ्यासक मानतात. सावंतांची ती सावंतवाडी, तशीच वेओलाची ती वेलिंग्टन. म्हणजे एका माणसाचें नांव गांवाला मिळालें, हजारएक वर्षांनीं गांवाचें नांव दुसऱ्या माणसाला मिळालें, आणि मग त्या माणसाचें नांव पृथ्वीभर पसरलें.

न्यूझीलंडच्या राजधानीला १८४० सालीं तें देण्यांत आलें. तेथील बंदराला माओरी लोक पूर्वीपासून ताराचें मोठें बंदर अशा अर्थाच्या नांवानें ओळखत. हा तारा त्यांचा एक पूर्वज. निलगिरींत कुन्नूरजवळच्या लष्करी छावणीचेंहि नांव वेलिंग्टन झालें. मुंबईंत म्युझियमसमोर १८६५ सालीं त्याच्या स्मरणार्थ कारंजें उभें राहिलें. आणि पायांतील एका जातीच्या बुटांनाहि तेंच नांव चिकटलें. वेओला कोण होता, त्याची शेती किती होती, हें कोणास ठाऊक नाहीं; पण त्याच्या नांवाची धूळ आतां चारहि खंडांत उडाली आहे.

नांवें अशीं फिरूं लागलीं म्हणजे घोटाळेहि होतात. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचें नांव ऐकून पुष्कळांस वेलिंग्टनच आठवतो. वास्तविक १९१९ सालीं निघालेल्या या संस्थेस नांव मिळालें तें मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याचें. त्याची पदवी ससेक्स परगण्यांतील विलिंग्डन गांवावरून पडली. तेथें ‘टन’ नाहीं, ‘डन’ म्हणजे टेकडी आहे. एल्फिन्स्टनांची गोष्टहि तशीच. मुंबईचें एल्फिन्स्टन महाविद्यालय हें आसईच्या रणांगणावर हजर असलेल्या, पुढें गव्हर्नर होऊन १८२७ सालीं परत गेलेल्या मौंटस्टुअर्टचें स्मारक. परंतु २०१८ सालीं ज्याचें प्रभादेवी असें नामांतर झालें, तें एल्फिन्स्टन रोड स्टेशन त्याच्या पुतण्याच्या, म्हणजे १८५३ ते १८६० या काळांतील गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या नांवाचें होतें. पाटी उतरली, पण ती कोणत्या एल्फिन्स्टनची, हें उतरविणारांपैकीं व हळहळणारांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल?

येथें कोणी म्हणेल कीं, जेत्यांचीं नांवें जगभर गेलीं, जितांचीं जागच्या जागीं राहिलीं. हेंहि सर्वस्वीं खरें नाहीं. जालन्याचें नांव कॅनडांत पोहोंचलें आहे! माझो द ला रोश या लेखिकेची ‘जालना’ नांवाची कादंबरी १९२७ सालीं प्रसिद्ध झाली व तींतून कादंबऱ्यांची एक मोठी मालिकाच निघाली. तींतील व्हाइटओक घराण्याचा मूळ पुरुष हिंदुस्थानांत लष्करांत होता. त्यानें जालन्याच्या छावणीची आठवण म्हणून कॅनडांतील आपल्या घरास ‘जालना’ नांव दिलें, अशी कल्पना आहे. आसईचें नांवहि तेथें लढलेल्या पलटणींच्या निशाणांवर चढलें, आणि त्या लढाईची खूण असलेला हत्ती आजच्या भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर अद्याप उभा आहे.

तेव्हां गांवांचीं नांवें गेलीं, सेनापतींचीं गेलीं. राहिलीं तीं कोणाचीं? आसईस इंग्रजांकडील ४२८ माणसें ठार व ११३८ जखमी झालीं, असा हिशेब मिळतो. मराठ्यांकडील मृतांचा आंकडाहि अंदाजाचाच. केळणा व जुई यांच्यामध्यें जे पडले, त्यांनाहि आईबापांनीं बारशाच्या दिवशीं नांव ठेवलें होतें; तीं नांवें मात्र कोणत्याहि राजधानीस, रस्त्यास किंवा कारंज्यास मिळालीं नाहींत. आमच्या मतें नांवांच्या या सगळ्या प्रवासांतील खरी उणीव ती ही. परक्या नांवाची पाटी काढावी कीं ठेवावी, यावर आपण तावातावानें भांडतों, आणि दोन्ही पक्ष पाटीवरील माणसाचाच विचार करीत असतात.

पाटी बदलण्याचा अधिकार प्रत्येक पिढीचा आहे; त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु पाटी उतरविण्यापूर्वीं ती एकदां वाचून घ्यावी, एवढेंच आमचें मागणें. आणि जालन्यास जाण्याचा योग आला, तर वाचकांनीं मस्तगड पाहून परतूं नये. थोडें उत्तरेस जाऊन आसईच्या शिवारांत घटकाभर उभें राहावें. ज्या विजयानें वेल्स्लीला वेलिंग्टन होण्याच्या वाटेस लावलें, तो ज्यांच्या प्रेतांवरून गेला, त्यांचीं नांवें तेथील मातीस तरी ठाऊक असतील.