गोठ्यातली गाय आणि वर्गातली गाय



‘गाय हा एक पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे आणि एक शेपूट असते.’ ही वाक्ये शाळेत कधी लिहिली नाहीत असा मराठी माणूस विरळाच! नातीच्या फ्रेंचच्या पुस्तकात असाच धडा दिसला आणि मनात आले, खुद्द फ्रान्समधल्या लहान मुलांना प्राण्यांचे वर्णन करायला कसे शिकवत असतील? मग थोडे वाचन केले. ते आज तुमच्यापुढे ठेवते.

तिथेही सुरुवात आपल्यासारखीच, गोष्टींपासून. ला फाँतेनने १६६८ साली प्राण्यांच्या पद्यकथांचा पहिला संग्रह काढला आणि चौदाव्या लुईच्या सहा वर्षांच्या राजपुत्राला अर्पण केला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच मुलांनी कावळा-कोल्हा आणि लांडगा-कोकरू पाठ केले. रूसोने मात्र १७६२ च्या ‘एमिल’ या ग्रंथात हरकत घेतली. कावळा-कोल्ह्याची कथा ओळीओळीने तपासून तो म्हणतो, यातले बरेच शब्द मुलाला कळत नाहीत, आणि कळले तर ते कोल्ह्याचीच बाजू घेईल. पटते की नाही? शिवाय त्या कथेतला कावळा कावळा नसतोच, पिसे लावलेला माणूस असतो.

खऱ्या प्राण्याचे वर्णन केले बुफाँने. त्याच्या निसर्ग-इतिहासाचे खंड १७४९ पासून निघू लागले. गाढव म्हणजे बिघडलेला घोडा नव्हे, ते आपल्या जागी गाढवच आहे, असे त्याने ठणकावून सांगितले. मुलांसाठी या ग्रंथाच्या छोट्या आवृत्त्याही निघाल्या. पण ते वर्णन बुफाँचे होते, मुलाचे नव्हते.

मुलाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला तो मारी पाप-कार्पांतिए या बाईंनी. त्या शिशुशाळेच्या शिक्षिका, पुढे पॅरिसला अशा शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी सॉर्बोनमध्ये शिक्षकांपुढे भाषणे दिली. सांगणे साधे होते : आधी वस्तू दाखवा, मुलाला रंग, आकार, उपयोग पाहू द्या, मग शब्द द्या. फ्रेंचमध्ये याला ‘लसाँ द शोझ’ म्हणतात, म्हणजे वस्तूंचा धडा. आपला ‘वस्तुपाठ’ त्याचाच भाऊबंद. आज आपण तो शब्द ‘आदर्श उदाहरण’ म्हणून वापरतो, पण शिक्षणशास्त्रात त्याचा अर्थ वस्तू दाखवून दिलेला पाठ, असाच आहे.

१८८१-८२ मध्ये ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, आणि वस्तुपाठ अभ्यासक्रमात आला. वर्गात गाय-घोडा कुठून आणणार? मग पॅरिसच्या देरोल कंपनीचे रंगीत तक्ते भिंतींवर लागले.

त्या तक्त्यांपुढे प्राणी शिकता शिकता व्याकरणही शिकता येते. मांजर पुल्लिंगी, म्हणून पांढरे मांजर ‘शा ब्लाँ’, गाय स्त्रीलिंगी, म्हणून पांढरी गाय ‘व्हाश ब्लाँश’. रंग नामानंतर येतो, पण ‘लहान’ हे विशेषण आधी. आपले उंदीर आणि बेडूक तिकडे चक्क स्त्रीलिंगी!

इथवर सगळे छान. आता न आवडलेला भाग. फ्रान्समधल्या सगळ्याच मुलांच्या घरी फ्रेंच नव्हती. ब्रिटनी प्रांताच्या पश्चिम भागात शेतकऱ्यांची भाषा ब्रेटन. तिथे कुत्र्याला ‘की’ म्हणतात. जे मूल शाळेत ब्रेटन बोलताना सापडे, त्याच्या गळ्यात लाकडी बूट किंवा असेच काही अडकवत. दुसरा कोणी ब्रेटन बोलताना पकडला की ते त्याच्याकडे जाई, आणि दिवसअखेर ज्याच्याकडे उरे त्याला शिक्षा. या वस्तूला काही ठिकाणी काय म्हणत, ठाऊक आहे? ‘गाय’! पेर-जाकेझ एलियास (जन्म १९१४) यांनी १९७५ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे.

विचार करा. भिंतीवर गाईचा तक्ता. समोर पहाटे गाई राखून आलेले पोर. गाईचा वास, तिचे रुसणे, पान्हा चोरणे, सगळे त्याला ठाऊक. पण त्याच्याजवळचे शब्द चुकीच्या भाषेतले, म्हणून ते गप्प. डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्या पद्धतीने त्याच्या जिभेवर भरवसा ठेवला नाही. फ्रेंच शिकवण्याला माझा आक्षेप नाही. तिच्यामुळेच त्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या, जग उघडले. पण नवा शब्द देण्यासाठी जुना काढून घ्यावा लागतो का?

मी पहिली-दुसरीला शिकवत असे, तेव्हा पुस्तकात एकच ‘वासरू’ असे. शेतकऱ्यांची मुले मात्र कालवड, गोऱ्हा, पारडी, वगार, रेडकू असे नेमके सांगत. मी सगळे शब्द फळ्यावर लिहीत असे, पुस्तकातलाही. मग बुजरी पोरेही बोलू लागत, आणि दहा ओळींचा निबंध वीस ओळींचा होई.

फ्रान्सने १९५१ च्या कायद्याने ब्रेटनसारख्या भाषांना शाळेत थोडी जागा दिली. १९७७ पासून ‘दिवान’ नावाच्या ब्रेटन माध्यमाच्या शाळाही सुरू झाल्या. पण तोवर बऱ्याच घरांत आईबापांनीच मुलांशी ब्रेटन बोलणे सोडले होते. आपल्या गळ्यात पडलेली ‘गाय’ मुलांच्या गळ्यात पडू नये, असे त्यांना वाटले असेल तर दोष कुणाला द्यायचा?

असो. तुमच्या भागात गाई-म्हशींच्या पिलांना कोणते शब्द आहेत? आजी-आजोबांना विचारा आणि मला जरूर कळवा. मी वहीत उतरवून ठेवते आहे.