वेडा ठरवलेला छत्रपती

जूचंद्रहून बोलतोय. मधेच वसई-दिवा लाइनवरच्या गाडीचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, आपला स्टुडिओ म्हणजे घराच्या माळ्यावरची खोली.

मागच्या भागात लिंकनची उदासी आणि चर्चिलचा तो 'काळा कुत्रा' यांवर बोललो. त्यानंतर चंडिका देवीच्या पायऱ्यांवर गावातल्या एका काकांनी गाठलंच. "गोऱ्या सायबांच्या डोक्याचं सांगतोस, आपल्याकडे कोणी नव्हतं का रे?" होतं ना काका. पण आपल्याकडची गोष्ट सांगायला जड जाते. तिच्यात आजार किती आणि राजकारण किती, हे आज वेगळं काढता येत नाही.

1870 साली कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज युरोपातून परतताना इटलीत, फ्लॉरेन्सला वारले. पुढच्या वर्षी भोसल्यांच्याच घराण्यातला एक मुलगा दत्तक घेतला गेला. नाव नारायणराव, वय आठ. तेच चौथे शिवाजी महाराज. राज्यकारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली, पोराचं शिक्षण गोऱ्या माणसांच्या हाती. थोरल्या छत्रपतींचं नाव लावायचं, पण स्वतःच्या मनाने चार पावलं चालायची सोय नाही. पुढे काही वर्षांत बोलबाला झाला, महाराजांचं डोकं फिरलंय. आणि त्याबरोबर दुसरी कुजबुज: फिरलेलं नाही, फिरवलंय.

ही कुजबुज पुण्यात पोचली. 'केसरी' आणि 'मराठा' 1881च्या जानेवारीत नुकतेच सुरू झाले होते. आगरकर आणि टिळक, दोघेही पंचविशीतले. त्यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर थेट आरोप केले, महाराजांचा छळ चाललाय म्हणून. आधाराला काही पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात पत्रं बनावट निघाली. जुलै 1882मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी जामिनाचे दहा हजार रुपये जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी उभे केले, असं सांगतात. पुढे ज्यांची मतं एकमेकांपासून कोसभर लांब गेली, ती सगळी माणसं इथे एका पोरासाठी एका बाजूला होती, हे मला फार भावतं.

दोघे डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलंय. आणि गंमत बघा, तिथेच ते शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठीकरण करत होते, पुढे 'विकारविलसित' म्हणून आलेलं. वेडा आहे की वेडाचं सोंग घेतोय, असा सगळ्यांना प्रश्न पडलेला राजपुत्र. तुरुंगात हेच नाटक हाती घ्यावं, याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

आता माझं मत. पत्रं खोटी होती म्हणजे छळही खोटा, असं होत नाही. उलट, महाराज खरोखर आजारी असतीलही. विशीच्या आसपास असे आजार डोकं वर काढतात, हे आज कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. पण आजारी होते असं धरलं तर प्रश्न आणखी अवघड होतो: मग त्यांना सांभाळायला कोण ठेवलं? इंग्लंडचा तिसरा जॉर्ज 1788 साली भ्रमिष्ट झाला, तेव्हा त्यालाही डॉक्टरांनी बांधून ठेवलं होतं, काही कमी हाल झाले नाहीत. पण तिथे पार्लमेंटच्या समितीने डॉक्टरांना समोर बसवून उलटसुलट विचारलं होतं, राजा बरा होईल का? कोल्हापूरच्या राजाबद्दल असा जाब मागायला बसलं होतं कोण? दोन संपादक, तेही तुरुंगात.

1882मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले. महाराजांना कोल्हापूरपासून दूर, नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. 25 डिसेंबर 1883, नाताळचा दिवस. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली. प्लीहा फुटली आणि महाराज गेले. विसाव्या वर्षी.

हे वाक्य मी रेकॉर्डिंगला तीनदा बोललो. आपल्या घरातलं कुणी असं बिथरलं तर आपणही आधी दाराला कडीच घालतो ना? तेच आठवत राहिलं.

मागे राहिल्या आनंदीबाई, त्यांच्या राणी. त्यांनी 17 मार्च 1884 रोजी दत्तक घेतला तो रीजंट जयसिंगरावांचाच मुलगा, नऊ वर्षांचा यशवंतराव. संशय घ्यायला जागा होती, काहींनी घेतलाही असेल. त्या पोराचं नवं नाव ठेवलं शाहू. हो काका, तेच शाहू महाराज.