दारफुर : शांतिसेना आणि निराधारांचे संरक्षण

सुदान देशाच्या पश्चिमेला दारफुर हा विस्तीर्ण प्रदेश आहे. अरबी भाषेत 'दार' म्हणजे घर. दारफुर म्हणजे फुर लोकांचे घर. आकाराने हा प्रदेश जवळजवळ फ्रान्सएवढा आहे. फुर, मसालित, झाघावा ह्या जमाती आणि गुरे व उंट राखणाऱ्या अरब टोळ्या येथे पिढ्यान्पिढ्या राहत आल्या आहेत. दोन्ही बाजूंचे लोक बहुतांशी मुस्लिमच आहेत. तेव्हा हा संघर्ष दोन धर्मांमधला नव्हे, हे वाचकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावे. जमीन, पाणी, चराऊ कुरणे आणि खार्टुमच्या सत्ताधाऱ्यांनी केलेली दीर्घकालीन उपेक्षा ही त्याची मुळे होत.

संघर्षाचा आरंभ

२००३ साली दोन बंडखोर संघटनांनी सरकारी ठाण्यांवर हल्ले केले. बंड मोडून काढण्यासाठी सरकारने 'जंजावीद' नावाच्या सशस्त्र टोळ्यांना हाताशी धरले. गावेच्या गावे जाळली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार युद्ध, भूक व रोगराई ह्यांमुळे सुमारे ३ लाख माणसे मरण पावली आणि २५ लाखांहून अधिक बेघर झाली. लाखो लोकांनी शेजारच्या चाड देशात आश्रय घेतला.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी जुलै २००४ मध्ये आर्चबिशप पॉल कोर्डेस ह्यांना आपले खास दूत म्हणून सुदानला पाठविले. त्याच वर्षी कॅथलिक 'कारितास' आणि अन्य ख्रिस्ती पंथांच्या मदतसंस्था ह्यांनी एकत्र येऊन दक्षिण दारफुरमधील विस्थापितांसाठी सेवाकार्य सुरू केले. ज्यांची सेवा केली ते मुस्लिम बांधव होते, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते.

आफ्रिकी संघाचा प्रयत्न

एप्रिल २००४ मध्ये युद्धबंदीचा करार झाला व तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठी आफ्रिकी संघाने आपले पथक पाठविले. पुढे ते सुमारे ७,००० जणांपर्यंत वाढले. सैनिक आफ्रिकेचे, तर पैसा युरोपीय संघ, अमेरिका, कॅनडा आदींचा, अशी ही रचना होती. छावणीतील स्त्रिया सरपणासाठी बाहेर पडत, तेव्हा त्यांच्यावर हल्ले होत. म्हणून सैनिक त्यांच्यासोबत गस्त घालू लागले. गस्त असेल त्या दिवशी स्त्रिया सुखरूप परतत. पण इतक्या मोठ्या प्रदेशाला एवढे मनुष्यबळ पुरणार कसे? सप्टेंबर २००७ मध्ये हस्कनिता येथील तळावर हल्ला होऊन ह्या पथकाचे १० जण मारले गेले. जे स्वतःचे रक्षण करू शकत नव्हते, त्यांच्याकडून इतरांच्या रक्षणाची अपेक्षा केली जात होती.

'युनामिड'

ऑगस्ट २००६ मध्ये सुरक्षा परिषदेने संयुक्त राष्ट्रसंघाची सेना दारफुरमध्ये पाठविण्याचा ठराव केला. सुदानने त्याला नकार दिला. अखेर ३१ जुलै २००७ च्या १७६९ क्रमांकाच्या ठरावाने आफ्रिकी संघ व संयुक्त राष्ट्रसंघ ह्यांची संमिश्र सेना मंजूर झाली. तीच 'युनामिड' होय. तिच्यात १९,५५५ सैनिक व ६,४३२ पोलीस असावेत असे ठरले. नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाचा वापर करण्याचा अधिकार तिला मिळाला. परंतु जानेवारी २००८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा जेमतेम ९,००० जण हजर होते. आवश्यक हेलिकॉप्टर द्यायला श्रीमंत राष्ट्रांपैकी कोणीही पुढे आले नाही, आणि सुदान सरकारने परवान्यांत व हालचालींत वारंवार अडथळे आणले. तरीही ज्या छावण्यांजवळ तिचे तळ होते, तेथे लोकांना काहीसा आधार लाभला.

माघार आणि नंतर

२०१९ साली राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीर पदच्युत झाले व ऑक्टोबर २०२० मध्ये जुबा येथे शांतता करार झाला. आता सुदान सरकारच नागरिकांचे रक्षण करील, असे मानून ३१ डिसेंबर २०२० रोजी युनामिडचे कार्य संपविण्यात आले. छावण्यांतील अनेकांनी तेव्हाच भीती व्यक्त केली होती. ती अनाठायी नव्हती.

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानी लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' ह्यांच्यात युद्ध पेटले. ही दुसरी फौज जुन्या जंजावीद टोळ्यांतूनच उभी राहिली आहे. त्याच वर्षी एल जेनिना शहरात मसालित लोकांचे हत्याकांड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. एल फाशेर शहराचा वेढा उठवावा, अशी मागणी सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्ये ठरावाद्वारे केली. पण ती अमलात आणायला त्या भूमीवर कोणीही नव्हते. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी, जेथे एकेकाळी युनामिडचे मुख्यालय होते तेच एल फाशेर पडले आणि मोठा नरसंहार झाला.

ह्यातून काय शिकावे?

२००५ साली जगातील राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रसंघात मान्य केले की, एखादे सरकार आपल्या जनतेला नरसंहारापासून वाचवत नसेल तर ती जबाबदारी जागतिक समुदायावर येते. दारफुरचा इतिहास सांगतो की, ह्या वचनाला सैनिक, वाहने, पैसा आणि चिकाटी ह्यांची जोड लागते. शस्त्रांचा पुरवठा रोखावा लागतो; २००४ पासून दारफुरवर शस्त्रबंदी असूनही शस्त्रे पोहोचतच राहिली. न्यायही लागतो, मग तो उशिरा का होईना : जंजावीदांचा एक म्होरक्या अली कुशायब ह्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२५ रोजी दोषी ठरविले. आणि शांतिसेना परत बोलावण्याची वेळ ठरविताना, सरपणासाठी बाहेर पडणारी स्त्री निर्भयपणे परत येते का, हे आधी पाहावे लागते. कागदावरील करार हा त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही, असे आम्हांला वाटते.