मनगटावरची तार

माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत लोकरी स्वेटर अंधारात अंगातून काढला, तर चटचट असा आवाज होतो आणि निळसर ठिणग्या चमकतात. हा अनुभव नाशिककरांना नवा नाही. शाळकरी पोरे केसांतून कंगवा फिरवून त्याने कागदाचे कपटे उचलतात, तीही हीच वीज. अशा खेळण्यातल्या विजेला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु या चिमुकल्या विजेने कारखान्यात तीन मोठे प्रश्न उभे केले. कामगाराने कोणत्या हवेत श्वास घ्यायचा? त्याच्या अंगाला काय बांधायचे? आणि माल बिघडला तर दोष कोणाच्या माथी मारायचा? मी जन्मभर कामगारांच्या संघटनेत काम केले. शास्त्र शिकलो ते यंत्राशेजारी उभे राहून आणि रात्री पुस्तके उसनी आणून. म्हणून आजची ही कहाणी मी कामगाराच्या बाजूने सांगणार आहे.

पिवळ्या पारदर्शक राळेच्या खड्याला आपल्या भाषेत तृणमणी असे नाव आहे. घासला की तो गवताची काडी ओढून घेतो, हे त्या नावातच सांगितले आहे. त्याच खड्याला ग्रीक लोक एलेक्ट्रॉन म्हणत आणि त्यावरूनच १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने या ओढीला नाव दिले. इलेक्ट्रिसिटी हा आजचा शब्द तिथूनच आला. दोन वस्तू एकमेकींना लागून सुटल्या, की एकीवरचा विद्युत्‌भार दुसरीवर जातो. हवा दमट असेल तर वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो आणि त्यावरून हा भार हळूहळू निघून जातो. हवा कोरडी असली तर तो जागच्या जागी साचतो. या विजेवरचा सर्वांत स्वस्त उपाय, म्हणजे ओलावा, माणसाला शास्त्र कळण्याच्या फार आधी सापडलेला होता तो यामुळेच.

आपल्या जिल्ह्यात येवल्याला जा. कोरड्या हवेत रेशमाच्या तारा एकमेकींना दूर लोटतात, फुलारतात, बोटांना चिकटतात. जमिनीत खड्डा खणून त्यावर माग बसवण्याची जी जुनी रीत आहे, तिचा एक लाभ असा की जमिनीची ओल ताण्याला मिळत राहते. इथे विणकर आणि धागा एकाच हवेत असत आणि हवा किती ओली ठेवायची हे विणकराच्याच हाती असे.

गिरणी आली आणि हे बदलले. कावसजी दावर यांनी मुंबईत १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी चालू झाली. गिरणीत हजारो चात्या एका वेळी फिरतात. हवा कोरडी पडली की तंतू उडतात, रुळांना चिकटतात, सूत तुटते. तेव्हा खात्यात वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडण्याची पद्धत सुरू झाली. सूत सुधारले, पण उन्हाळ्यात त्या ओल्या उष्म्यात उभे राहणाऱ्या माणसाचा घाम वाळेना. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरांनी या वाफेविरुद्ध ओरड केली आणि १८८९ साली तिथे हवेतील ओलाव्याला कायद्याने मर्यादा घातली गेली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे १५ वे कलम याच विषयाला वाहिलेले होते. हवा ओली करण्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्यातले, पिण्याचे किंवा नीट शुद्ध केलेले असले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. कायद्यात असले वाक्य उगाच येत नाही. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवेलच असे नाही, हे शिकायला गिरणीला कित्येक दशके लागली.

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात १९२८ साली छपाई सुरू झाली. कागदाच्या धंद्यातही ही वीज सुटलेली नाही. कोणत्याही छापखान्यातला जुना माणूस सांगेल, की कोरड्या दिवसांत ताव एकमेकांना चिकटतात, एकाऐवजी दोन उचलले जातात. पण सूत तुटले किंवा ताव चिकटला, तर ते निदान दिसते. पुढे जे आले त्यात बिघाड दिसेनासाच झाला, आणि खरे दुखणे तिथे सुरू झाले.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. तिथेच १९६० च्या सुमारास मोहम्मद अटाला आणि डॉन कांग यांनी त्याचा एक नवा प्रकार तयार केला. त्यात सिलिकनवर त्याच्याच ऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ काचेचाच, एक पातळ थर असतो आणि त्या थरावर धातूची पट्टी असते. आजच्या संगणकाची व मोबाइलची सारी इमारत या प्रकारावर उभी आहे. सुरुवातीच्या काळातही हा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून पातळ होता. शंभरएक व्होल्टला तो फुटे. पुढे तो कितीतरी पटीने पातळ झाला.

आता याच्यासमोर माणूस उभा करा. अगदी कोरड्या हवेत गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत भार साचू शकतो. दमट हवेत तोच आकडा १,५०० च्या आसपास उतरतो. ठिणगीचा चटका आपल्याला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे शंभर व्होल्टला चिप मरते आणि तीन हजारांच्या खाली मारणाऱ्या बोटाला पत्ताही लागत नाही. त्यातही वाईट म्हणजे काही चिपा मरत नाहीत, नुसत्या जखमी होतात. तपासणीत पास होतात, गिऱ्हाइकाकडे जातात आणि काही महिन्यांनी तिथे मान टाकतात.

महाराष्ट्रात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि १९७३ साली मुंबईत अंधेरीला निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक मालासाठी सीप्झची वसाहत उभी राहिली. सातपूर-अंबडलाही पुढे सर्किटे जोडणारी खाती निघाली. या कामावर बहुधा तरुण मुली घेतल्या जात. त्यांची बोटे हलकी म्हणून. बोटे हलकी ही गोष्ट खरी, पण बोटांवर आळ घेणेही तितकेच हलके झाले.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका कारखान्यात, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, सहा मुलींना निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाले. त्यांच्या मेजावरची सर्किटे फार निकामी निघत होती. त्या आमच्याकडे आल्या. आम्ही व्यवस्थापनाकडे एकच मागणी केली: निकामी मालाचा वर्षभराचा महिनेवार हिशेब दाखवा. तो कागद समोर आला आणि सर्वजण गप्प झाले. डिसेंबरपासून आकडा चढत गेलेला, मार्च-एप्रिलात शिगेला पोचलेला, आणि मृग बरसल्यावर तो एकदम खाली आलेला. मुली त्याच, हात तेच, काम तेच. बदलली होती फक्त हवा. निष्काळजीपणा काही पावसाळ्यात सुटीवर जात नाही!

मग पाहणी झाली. मुलींच्या मनगटाला अर्थिंगचे पट्टे होते, पण कित्येकांच्या तारा वेष्टनाच्या आत तुटलेल्या होत्या. मेजांवरच्या चटयांची तार सांगाड्याच्या रंग दिलेल्या भागाला आवळलेली होती. रंगातून वीज जमिनीत जाणार कशी? पट्टे दिल्यापासून ते कोणी एकदाही तपासले नव्हते. मेमो मागे घेतले गेले. तपासणीचे यंत्र दाराशी बसले आणि पुढच्या उन्हाळ्यात आकडा चढला नाही.

या संरक्षणाची तत्त्वे साधी आहेत आणि त्यांतले एक तर एका कामगारानेच सिद्ध करून दाखवलेले आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करता करता तीच पुस्तके वाचून शिकला. १८३६ साली त्याने लंडनला बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा एक पिंजरा धातूने मढवला, त्याला बाहेरून ठिणग्या उडतील इतकी वीज दिली आणि स्वतः उपकरणे घेऊन आत बसला. आत विजेचा मागमूस नव्हता. संगणकाचा सुटा भाग ज्या रुपेरी पिशवीत मिळतो, ती पिशवी म्हणजे फॅरडेचा खिशात मावणारा पिंजरा होय. याखेरीज भार वाहून नेणारी फरशी, चटई आणि बुटाचे तळवे. नायलॉनच्या कपड्यावर खास अंगरखा. जवळपास प्लास्टिक न ठेवणे. हवा फार कोरडी पडू न देणे. आणि शेवटी मनगटावरची तार. हा पट्टा कातडीला लागूनच हवा, बाहीवर बांधला तर तो केवळ दागिना ठरतो.

या तारेत एक वस्तू दडलेली असते, तिच्याकडे आपले लक्ष वेधतो. पट्ट्याजवळ एक मेगओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा, रोध बसवलेला असतो. तो कशासाठी? चिपेला त्याची काही गरज नाही; नुसती तांब्याची तार असती तरी चिप वाचली असती. तो रोध आहे माणसासाठी. मनगट जमिनीला तारेने थेट जोडले आणि चुकून दुसरा हात २३० व्होल्टच्या उघड्या तारेला लागला, तर माणूस जागीच मरेल. मध्ये हा रोध असला तर त्या तारेतून एक मिलिअँपिअरच्या चौथ्या भागाइतकाही प्रवाह वाहत नाही. बहुधा तो जाणवतसुद्धा नाही. आणि अंगावरचा भार? तो या रोधातूनही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत जमिनीत जातो. म्हणजे चिपेचे काहीएक न बिघडता माणूस वाचतो.

गिरणीत धाग्यासाठी हवा ओली करताना माणसाचा विचार मागाहून, कायद्याने करायला लावावा लागला. इथे तो त्या तारेतच गुंफलेला आहे. वस्तूचे रक्षण आणि माणसाचे रक्षण यांचे वैर नाही. दोन्ही एका तारेत बसतात, फक्त तार ओढणाऱ्याच्या मनात दोन्ही असावे लागतात. पण स्वस्त माल घेणारे नसतात असे नाही, आणि रोध नसलेला पट्टा दिसायला अगदी तसाच दिसतो.

या विषयातल्या अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९८२ साली आपली संस्था स्थापली आणि १९९९ साली एस २०.२० हे मानक काढले. ते कोणते पट्टे घ्या एवढेच सांगत नाही. लेखी योजना करा, माणसांना शिकवा, साधने ठराविक काळाने तपासा आणि जबाबदार माणूस नेमा, असे ते सांगते. आमच्या सहा मुलींचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली आज अशा खात्यांत कामाला आहेत. त्यांना घरी गेल्यावर दोन प्रश्न विचारा. तुझा पट्टा आज सकाळी कोणी तपासला? आणि त्यात तो रोध आहे का? उत्तर ठामपणे आले तर ते खाते चांगले चालले आहे असे समजा. उत्तर आले नाही, तर पुढच्या कोरड्या हंगामात निकामी मालाचा आकडा चढेल, आणि कोणाच्या तरी हातांवर आळ येईल. तो यायच्या आधी महिनेवार हिशेब मागून ठेवा.