बुजवलेल्या तळ्यांची मुंबई

पायधुणी, उमरखाडी, धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक. मुंबईकरांच्या तोंडी ही नावे रोज असतात. पाणी मात्र कुठे दिसत नाही. पायधुणीपाशी खाडीचे पाणी येई आणि ते ओलांडताना पाय धुतले जात, म्हणून ते नाव पडले असे सांगतात.

वरळी आणि महालक्ष्मी यांच्या मधून भरतीचे पाणी बेटांमधल्या सखल भागात शिरत असे. तिथे गव्हर्नर हॉर्नबीने बांध घातला. १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. समुद्र अडला, जमीन मिळाली. पण ती बशीसारखी खोलगटच राहिली. आत पडलेला पाऊस भरतीच्या वेळी बाहेर जाईना.

त्यातल्या थोड्याफार पाण्याला तळ्यांचा आसरा होता. दानशूर शेटियांनी ती पिण्याच्या पाण्यासाठी बांधली होती. १८६० साली विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि तळ्यांची गरज सरली. पुढे हिवतापाने लोक हैराण झाले; १९११ साली डॉ. बेंटली यांनी त्यावर अहवाल दिला. डासांना थारा नको आणि रस्त्यांना जागा हवी, म्हणून एकेक तळे बुजत गेले. बुजवणाऱ्यांना दोष कसा द्यावा? माणसे तापाने मरत होती. मात्र पाऊस साठवणारी जागा म्हणून तळ्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस पेलतील एवढ्याच, त्याही ओहोटी असेल तर. ही क्षमता ५० पर्यंत वाढवावी असे १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सांगितले. तो बव्हंशी कागदावरच राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांत, मिठी नदीच्या काठी हाहाकार उडाला; शेकडो माणसे दगावली. मग समुद्राकाठी पंपिंग स्टेशने उभी राहू लागली.

तरी परळ-दादरमधले हिंदमाता तुंबतच राहिले. अखेर २०२१ नंतर महापालिकेने तिथले पाणी साठवायला जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी तिथे थांबते.

म्हणजे वर बुजवलेले तळे आपण खाली पुन्हा खोदले. आता निदान उरलेली मोकळी माती तरी फरसबंद करू नये. पावसाला वाहायला वाट लागते, तशी थांबायला जागाही लागते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)