लिलावातली जीप : एका जुन्या गाडीचा माग

गेली पंधरा-सोळा वर्षे मी परभणी जिल्ह्यातल्या बारवा, वीरगळ आणि पडक्या देवळांच्या नोंदी करतो आहे. पेशाने इतिहासकार नाही. बी-बियाण्यांचे दुकान सांभाळून जे वाचले-पाहिले, त्यावरच ही विद्या. सेलू तालुक्यातली वालूरची बारव, जिंतूर तालुक्यातली चारठाण्याची देवळे, नेमगिरीची जैन लेणी अशी ठिकाणे दुचाकीवरून पाहून झाली. पण वीरगळ वाचायचा असेल तर सकाळचे तिरपे ऊन लागते, आणि त्यासाठी रात्री तिथेच मुक्काम हवा. आडगावी लॉज नसते. दर वेळी कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायचा संकोच वाटतो. म्हणून ठरवले, की पाणंदीतून जाईल आणि मागे दोन माणसे झोपतील अशी एखादी जुनी जीप घ्यावी.

पहिली जीप पाहिली ती गंगाखेड रस्त्याला. कागदावर इंधन पेट्रोल, आणि बॉनेट उघडले तर आत डिझेल इंजिन. पहिल्या मालकाच्या रकान्यात एका सरकारी कार्यालयाचे नाव. माझ्यासोबत आलेले म्हातारे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, हसून म्हणाले, "सर, कागद एक बोलायलाय अन् इंजिन दुसरंच बोलायलंय. घेऊ नका." मी ती घेतली नाही. पण घरी येईपर्यंत मनात एकच प्रश्न होता : सरकारी जीप इथपर्यंत आली कशी, आणि वाटेत तिचे पोट कुणी बदलले? वीरगळांसारखाच या जीपचाही माग काढावा असे वाटले. हा लेख त्यातून झाला.

आधी मुक्कामाची गोष्ट. गाडीसोबत घर घेऊन हिंडणे आपल्याकडे नवे नाही. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाने १८६५मध्ये जिल्हाबंदी केली, आणि जिल्ह्यावर तालुकदार नावाचा अधिकारी आला. आजच्या कलेक्टरच्या जागी तो असे. पावसाळा संपून काळी जमीन वाळली की अधिकाऱ्यांचे दौरे निघत. राहुट्या, कनाती, स्वयंपाकाची भांडी आणि दफ्तराच्या पेट्या बैलगाड्यांवर लादल्या जात. गावाबाहेर आंब्याच्या बनात डेरा पडे. 'दौरा' आणि 'मुक्काम' हे शब्दही आपल्याला फारसी-अरबी कारभाराने दिले. पावसाळ्यात मात्र हा कारभार थंडावे. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला चिकटून चाकाएवढीच जाड होते. पोळ्याच्या सुमारास बैलगाडी कण्यापर्यंत रुतलेली ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळे सांगायला नको. थोडक्यात, वर्षातले चार महिने सरकार गावापर्यंत पोचत नसे.

हे चित्र बदलणारी गाडी जन्मली अमेरिकेत, युद्धासाठी. जुलै १९४०मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ उत्पादकांकडून हलक्या, चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीचे प्रस्ताव मागवले. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४०ला हजर केला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच, इंजिन ६० अश्वशक्तीचे. खरी करामत होती गिअरपेटीला जोडलेल्या दुसऱ्या पेटीत. तिचा एक दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही ओढ मिळते, दुसऱ्याने वेग जवळपास निम्मा होतो आणि जोर तितकाच वाढतो. रुतलेल्या गाडीला पुढून दोन बैल आणखी जुंपावेत, तसे ते आहे.

ही गाडी महाराष्ट्रात आली मुंबईच्या वाटेने. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलिसच्या जीपचे सुटे भाग बोटीने आणून ते माझगावात जोडण्याचे काम याच काळात सुरू झाले.

त्याच १९४८ सालातली एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. काश्मीर आघाडीसाठी जीपगाड्या तातडीने हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बरीच रक्कम आगाऊ गेली, आणि आल्या १५५ जीपगाड्या. संसदेत गदारोळ झाला. ३० सप्टेंबर १९५५ला सरकारने प्रकरण बंद केल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून तो ओळखला जातो. राजकारण सोडून दिले तरी गाडी पाहण्याआधी पैसे देऊ नयेत, एवढे त्यातून शिकता येते.

त्याच वर्षी १३ ते १७ सप्टेंबरच्या कारवाईत हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६च्या १ नोव्हेंबरला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्रात. या बदलांबरोबर जीपचे काम वाढत गेले. २ ऑक्टोबर १९५२ला देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गटविकास अधिकारी हे पद आले आणि त्याच्या दिमतीला जीप आली. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. देवीची लस टोचणारे, पाटबंधाऱ्याची मोजणी करणारे, १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर हजेरी तपासणारे, सगळे जीपने येत. येलदरीच्या धरणाकडे जाणाऱ्या धुळीच्या रस्त्यावर जीप दिसली की गावात कुणीतरी आधीच वर्दी देई. तालुकदाराचा डेरा गेला. साहेब आता संध्याकाळी परत जाऊ लागले. गाव आणि कचेरी यांतले अंतर जीपने कमी केले, आणि साहेबाचा गावातला मुक्कामही तिनेच संपवला. आमचे आजोबा म्हणत, पूर्वीचा अंमलदार जुलमी असेल, पण गावाच्या विहिरीचे पाणी पिऊन जायचा.

सरकारी जीप थकली की तिचे निर्लेखन होई आणि मग लिलाव. 'लिलाव' आणि 'मिस्त्री' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आले. जीपच्या दुसऱ्या जन्माला हे दोघेही लागत. कचेरीच्या आवारात चाके बसलेली, बॅटरी नसलेली जीप बोली लावून घ्यायची आणि ट्रॅक्टरने ओढत गॅरेजात आणायची. चाचांच्या उमेदीची सगळी वर्षे यात गेली. पहिले काम पेट्रोल इंजिन काढण्याचे. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलची जीप शेतकऱ्याला परवडेना. महिंद्राने पुढे जीपमध्ये बसवलेले एमडी २३५० हे डिझेल इंजिन मूळचे इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले, म्हणून गावाकडच्या मिस्त्रीला ते ओळखीचे वाटे. ८०च्या दशकात एमएम ५४० आली, तिच्यात प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन होते. अशी इंजिने जुन्या सांगाड्यांत बसू लागली. पहिल्या जीपच्या पोटातले कोडे मला इथे सुटले.

दुसरे काम, मागची बाजू वाढवून समोरासमोर बाके टाकणे. एसटी जिथे दिवसातून एकदा येई, तिथे काळी-पिवळी दर तासाला जाऊ लागली. बाजाराच्या दिवशी आत माणसे, टपावर पोती आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरे. तिसरे काम मला सर्वांत चटका लावणारे वाटले : पुढच्या चाकांना ओढ देणारा शाफ्ट काढून भंगारात विकणे. डांबरी सडक आली होती, वजन कमी झाले की डिझेल वाचते, आणि मोडायला एक भाग कमी. ज्या गुणासाठी जीप जन्मली, तोच सगळ्यात आधी गेला. चाचा म्हणतात, "किती शाफ्ट काढले, हिशेबच नाही."

शेवटी मी घेतली ती १९८९ची एमएम ५४०. कागद आणि इंजिन जुळत होते, पण पुढचा शाफ्ट नव्हता. चाचांनी तपासणीचा क्रम घालून दिला. आधी चासीवर कोरलेला नंबर कागदाशी ताडायचा. मग मागच्या पाट्यांच्या टोकाजवळ हातोडीने ठोकून पाहायचे. आवाज बद्द आला की आतून गंज. रंगाखाली वेल्डिंगचा वळ दिसतो का ते पाहायचे. गाडी चढावर न्यायची आणि गिअर निसटतो का हे हाताला कळू द्यायचे. शेवटी वर्षानुवर्षे न हललेले दोन्ही दांडे ओढून पाहायचे. वीरगळ वाचायला याहून वेगळे काय लागते? आधी हात फिरवायचा, मग अर्थ लावायचा.

शाफ्ट शोधायला पाच महिने लागले. तो बसवून जिंतूरच्या डोंगरात, निर्मळ रांगेच्या उतरणीवर, श्रावणात गाडी नेली तेव्हा चारही चाके फिरली आणि चाचांचे डोळे भरून आले. बाकी बदल मी हात राखून केले. मागे लाकडी फळीची झोपायची जागा, तिच्याखाली दोन खण. तीस लिटरची पाण्याची टाकी, दिव्यापुरती दुसरी बॅटरी, आणि बाजूला बांधायला ताडपत्री. टपावर उघडणारा तंबू आता मिळतो, पण टपावर वजन चढले की उंच-अरुंद जीप वळणावर कलते. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीची मूळ रचना मनाप्रमाणे बदलता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. चाचांच्या गॅरेजने चाळीस वर्षे जे केले त्यातले पुष्कळसे आज बेकायदा ठरेल. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. वाढवलेल्या जीपमधून बाजाराला गेलेली सगळीच माणसे परत आली नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

पण या शोधाच्या शेवटी हाती आली ती गोष्ट दुसरीच. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची फेरनोंदणी बंद झाली. सैन्य आणि कायदा-सुव्यवस्थेची खास वाहने वगळता त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडायच्या आहेत. धुराचा विचार केला तर हे योग्यच. मात्र कचेरीतून आवारात, आवारातून गॅरेजात आणि तिथून गावात अशी जी वाट पिढ्यानपिढ्या वाहत होती, ती यामुळे थांबली. २०२१मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, गाडीत राहून प्रवास करण्याला सरकारी नाव मिळाले. त्या धोरणातल्या गाड्या शोरूममधून येतील, लिलावातून नाही.

बारवेचा निदान दगड उरतो. जीपचे तसे नाही. ती वितळते, आणि तिच्यात काय काय बदलले हे फक्त बदलणाऱ्याच्या डोक्यात असते. चाचा आता ब्याऐंशीचे आहेत. गेल्या हिवाळ्यापासून दर शुक्रवारी दुपारी नमाजनंतर मी वही घेऊन त्यांच्याकडे बसतो. कोणती जीप कुठल्या खात्याची, कुणी घेतली, काय काढले, काय घातले, असे रकाने आखले आहेत. आजवर एकसष्ट जीपगाड्यांच्या नोंदी झाल्या. बासष्टावी गंगाखेड रस्त्याची, पेट्रोलच्या कागदाची. तिच्यात ते डिझेल इंजिन कुणी बसवले, हे मी परवा विचारले. चाचा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मीच बसवलं होतं. तवा सांगायला लाज वाटली."

तेवढा रकाना मी त्याच दिवशी भरला.